साथीदार नसलेली मैफल

आपल्याकडच्या मैफलीच्या जाहिरातीत दोन मापांची अक्षरे असतात. गवयाचे नाव जाड ठशात, आणि त्याखाली 'साथ' ह्या शब्दापुढे तबलजीचे व पेटीवाल्याचे नाव बारीक टायपात. वसईतल्या एखाद्या गणेशोत्सवाच्या हस्तपत्रकापासून पुण्यातल्या मोठ्या महोत्सवापर्यंत हा रिवाज इमानाने पाळला जातो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तबलजीलाही वाटत नाही. निदान तो तसे बोलून दाखवीत नाही. बिदागीतही हीच दोन मापे असतात, पण ते असो. मला ज्या वाद्यवृंदाविषयी आज लिहावयाचे आहे त्याने ही दोन मापे मोडीत काढली, आणि माझ्या मते तेच त्याचे खरे कर्तृत्व आहे. लोक मात्र त्याचे कौतुक भलत्याच कारणासाठी करीत आले.

ह्या वाद्यवृंदाचे नाव 'शक्ती'. एक इंग्रज गिटारवादक, माहीमचा एक तबलजी, मद्रासचा एक व्हायोलिनवादक आणि मद्रासचाच एक घटमवादक अशी ही चौकडी १९७५ साली अमेरिकेत लोकांसमोर आली. पूर्व आणि पश्चिम ह्यांचे मीलन झाले असे तेव्हापासून आजतागायत प्रत्येक लेखात वाचावयास मिळते. 'मीलन' हा शब्द दिसला की मी पान उलटतो. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत तो शोभतो. संगीताच्या परीक्षणात त्याने काहीच कळत नाही. कोणी कोणाला काय दिले, कोणी काय सोडले आणि कोणाला काय जमले नाही, हे सांगितल्याशिवाय परीक्षणाला अर्थ नाही.

आधी थोडे शब्दांविषयी. आमच्या वसईत 'बँड' म्हटले की डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. ख्रिस्ती लग्नघरात उंबराच्या पाण्याला बँड लागतो, आणि जुन्या घरांतून त्याच्या बरोबरीने घुमटही वाजते. रॉकचा बँड म्हणजे विजेच्या गिटारी, ढोलांचा मोठा संच आणि कानठळ्या, एवढीच घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत असते, आणि ती अगदीच खोटी नाही. परंतु त्या रॉकमध्येही १९६५ नंतर एक निराळी शाखा फुटली. कॅलिफोर्नियात 'ग्रेटफुल डेड' नावाचे एक मंडळ होते. त्यांचे गाणे तबकडीवर तीन मिनिटांचे असले तरी रंगमंचावर अर्धा-अर्धा तास चाले. कारण शब्द संपल्यावर ते गाणे सोडून देत आणि एकमेकांचे ऐकत पुढे जात. काल वाजविले तसे आज वाजविणार नाहीत हा त्यांचा बाणा. श्रोत्यांनी मैफली टेप करून आपापसांत वाटल्या तरी त्यांची हरकत नसे. हे आपल्याला ओळखीचे वाटते, कारण आपल्या संगीतात ह्याला नाव आहे: उपज. दक्षिणेत त्याला मनोधर्म म्हणतात. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत भजनी मंडळ बसते, तिथेही ती असते. अभंग ठरलेला, चाल ठरलेली, डब्याचा पत्रा हाच पखवाज. पण गजर कुठे चढवायचा हे आधी कोणी ठरवीत नाही. म्होरक्या अंधेरीला उतरला तर दुसरा कोणी तोंड उघडतो आणि भजन पुढे चालू राहते.

ह्या ग्रेटफुल डेडशी आपल्या कथेचा धागा जुळतो तो उस्ताद अल्लारखाँ ह्यांच्या मुळे. पंडित रविशंकरांबरोबर अमेरिकेत गेलेल्या अल्लारखाँच्या तबल्याने तिथल्या ढोलवाल्यांची झोप उडविली होती. डेडचा एक ढोलवादक मिकी हार्ट त्यांच्यामागे लागला. पुढे अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात राहू लागले, आणि हार्टच्या बरोबरीने त्यांनी 'दिगा' नावाची नुसत्या तालवाद्यांची ध्वनिमुद्रिका १९७६ साली केली. ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत जन्मलेला, माहीमच्या सेंट मायकेल शाळेत शिकलेला हा मुलगा पहाटे बापाकडून बोल शिके आणि नंतर शाळेत जाई. अमेरिकेत गेल्यावर तो अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयात तबला शिकवू लागला. म्हणजे एकीकडे सरोदची खानदानी बैठक आणि दुसरीकडे रॉकवाल्यांची मोकळी चावडी, अशा दोन घरांत त्याची ऊठबस होती. ही गोष्ट विसरून 'शक्ती'तला त्याचा तबला समजणार नाही.

जॉन मॅक्लॉफ्लिन १९४२ साली यॉर्कशायरमध्ये जन्मला. १९६९ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि माइल्स डेव्हिस ह्या थोर जॅझ तुतारीवाल्याच्या ध्वनिमुद्रिकांवर वाजू लागला. १९७१ साली त्याने स्वतःचे मंडळ काढले; त्याचे नाव 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'. नाव त्याच्या गुरूने, श्रीचिन्मय ह्यांनी, दिलेले. नावात महाविष्णू असला तरी वाजविण्यात शेषशायी शांतता मुळीच नव्हती. विजेची दुतोंडी गिटार, आगगाडीसारखी लय, विषम मात्रांचे ताल आणि प्रचंड आवाज. तरुण पोरे वेडी झाली. अशा यशाच्या ऐन भरात ह्या गृहस्थाने कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन ह्यांच्याकडे वीणा शिकावयास सुरुवात केली. तिथेच त्याची गाठ एल. शंकर ह्या व्हायोलिनवादकाशी पडली. व्ही. लक्ष्मीनारायण ह्यांच्या घरातला हा मुलगा. घरात सारे व्हायोलिनचेच वातावरण. मृदंगमचे रामनाड राघवन हेही त्याच विद्यापीठात शिकवीत असत. घटमवर टी. एच. विनायकराम आले, ज्यांना सारे विक्कू म्हणतात. एम. एस. सुब्बुलक्ष्मींना साथ केलेला हा माणूस. त्याच्या मांडीवरचे मडके म्हणजे साधे मडके नव्हे.

आता खरा मुद्दा. मॅक्लॉफ्लिनने विजेची गिटार टाकून साधी गिटार घेतली, खुर्ची सोडून मांडी घालून बैठक मारली, ह्याचे पाश्चात्त्य टीकाकारांना फार अप्रूप. पण त्या बैठकीत सर्वांत लांबचे अंतर न्यूयॉर्क आणि मुंबई ह्यांच्यात नव्हते. ते मुंबई आणि मद्रास ह्यांच्यात होते. तबला आणि घटम शेजारी-शेजारी बसून समान हक्काने वाजताहेत हे दृश्य १९७५ साली आपल्या देशातच दुर्मिळ होते. दोन्ही पद्धतींत तालवाद्याचे काम मुळातच निराळे. आपल्या ख्यालात तबलजी ठेका धरतो. विलंबितात तर तो घड्याळासारखा मात्रा मोजून देतो आणि गवयाने मोकळीक दिली तरच एखादा तुकडा टाकतो. कर्नाटक पद्धतीत मृदंगमवाल्याला कृती पाठ असते. गवई ज्या वळणाने जाईल त्या वळणाला तो सोबत करतो, ठेका मनात ठेवून वर नक्षी काढतो, आणि शेवटी 'तनि आवर्तनम्' म्हणून त्याला त्याचा स्वतंत्र वेळ मिळतो. एकाला ठेक्याची शिस्त तर दुसऱ्याला वळणाचे भान. झाकीर हुसेननी 'शक्ती'त हे वळणाचे भान उचलले. वडिलांकडून त्यांना त्याची वाट दिसली होती, कारण अल्लारखाँना कर्नाटक लयीच्या हिशोबाचे मोठे आकर्षण होते. परंतु आकर्षण असणे निराळे आणि रोज रात्री त्या हिशोबाच्या शेजारी बसून हात चालविणे निराळे.

परिणाम असा झाला की 'शक्ती'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ठेका असा कोणी धरतच नाही. ताल सर्वांच्या डोक्यात आहे आणि तो कोणाच्याही हातात नाही. गिटार एक वाक्य बोलते. तबला ते वाक्य पुरे होण्याच्या आतच उचलून त्याचा शेवट निराळा करतो. घटम त्या शेवटाला खालून एक घुमारा देतो, आणि तेवढ्यात व्हायोलिन नव्या वाक्याला आरंभ करून मोकळे होते. मग तिहाई. आपल्याकडे तिहाई म्हणजे तोच बोल तीनदा घेऊन तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर टाकणे. ती बहुधा एकाची असते आणि बाकीचे तिची वाट पाहतात. इथे ती चौघांची असते. चौघे निरनिराळ्या वाटांनी निघून एका टिंबावर येतात, आणि आपण ऐकणारे खुर्चीतून अर्धे उठतो.

ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७५च्या जुलैमध्ये लाँग आयलंडवरच्या एका महाविद्यालयात, श्रोत्यांच्या समोर टिपली गेली, आणि पुढच्या वर्षी बाहेर आली. तेव्हा झाकीर २४ वर्षांचे, शंकर २५ वर्षांचे आणि मॅक्लॉफ्लिन ३३ वर्षांचा. तिच्यावर तीनच रचना आहेत. पहिली 'जॉय', सुमारे १८ मिनिटांची. मधली 'लोटस फीट', पाच मिनिटांच्या आतली. तिसरीचे नाव मालगाडीएवढे लांब आहे, ते इथे देत नाही. ती जवळजवळ अर्धा तास चालते. 'जॉय' सुरू होते तीच धावत. इथे ओळख नाही, सुरांची चाचपणी नाही. दार उघडले आणि आत पाचही जण बोलताहेत असा प्रकार. (पाच, कारण राघवनांचा मृदंगम ह्या ध्वनिमुद्रिकेवर आहे, पुढे ते राहिले नाहीत आणि मंडळ चौघांचे झाले.) ह्या रचनेतल्या चुका ऐकण्यासारख्या आहेत. एकदोन ठिकाणी कोणीतरी अर्ध्या मात्रेने पुढे जातो आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. सांभाळून घेतानाच एक नवी कल्पना निघते. पुढच्या काळातल्या स्वच्छ ध्वनिमुद्रिकांत असे क्षण नाहीत, आणि मला ते फार आठवतात.

कोलंबिया कंपनीने मात्र ह्या ध्वनिमुद्रिकेवर 'शक्ती' ह्या नावाला 'जॉन मॅक्लॉफ्लिनसह' अशी शेपटी जोडलीच. माल खपवावयाचा म्हणजे ओळखीचे नाव लागते. बैठकीत मोडलेली दोन मापे वेष्टनावर पुन्हा हजर झाली.

मॅक्लॉफ्लिनच्या गिटारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिच्यात ह्या साऱ्या उद्योगाची अडचण दिसते. गिटारीचे पडदे पक्के. सतारीसारखी लांब मींड त्यावर निघत नाही, आणि मींडेवाचून रागाचा चेहरा उमटत नाही. म्हणून गिब्सन कंपनीसाठी एब्राहम वेक्टर ह्या कारागिराने एक खास गिटार घडविली. दोन पडद्यांमधले लाकूड खोबणीसारखे कोरून काढले, म्हणजे तार बाजूला आणि खाली दाबून सूर ओढता येतो. आणि मुख्य तारांच्या खालून तिरक्या सात तरफा लावल्या, म्हणजे झणकार राहतो. युक्ती नामी आहे. पण साध्या गिटारीचा सूर फार वेळ टिकत नाही तो नाहीच. टिकत नाही म्हणून वादक भराभरा पुढचे सूर लावतो. आणि मॅक्लॉफ्लिनचा पिंड मुळातच वेगाचा. त्यामुळे आलापीत जो एका सुरावर बसून राहण्याचा धीर लागतो, तो त्याच्या वादनात सापडत नाही. अली अकबरांच्या सरोदमध्ये दोन सुरांमधला जो मोकळा अवकाश ऐकू येतो त्याची सवय असलेल्या कानाला हे जाणवतेच. शंकरांच्या व्हायोलिनने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. 'लोटस फीट'मध्ये गिटार आणि व्हायोलिन एकच संथ सुरावट मिळून म्हणतात, तेव्हा गिटारीचे तुटणे आणि व्हायोलिनचे लांबणे एकमेकांत असे मुरते की दोन्ही मिळून एक तिसरे वाद्य होते.

'ए हँडफुल ऑफ ब्यूटी' ही दुसरी ध्वनिमुद्रिका १९७६च्या ऑगस्टमध्ये लंडनला झाली. माझ्या मते हीच पहिल्या 'शक्ती'ची सर्वांत पक्व कृती. तिच्या आरंभी वाद्ये नाहीतच. तोंडाने बोल म्हटले जातात. कर्नाटक पद्धतीत ह्याला कोन्नक्कोल म्हणतात. आपल्या पढंतीचे हे थोरले भावंड. रॉकच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानांत मडक्याचे बोल तोंडाने म्हणणारी ही ध्वनिमुद्रिका विकावयास ठेवली गेली, ह्याची गंमत वाटते. संगीतशाळेची खोली, व्हायोलिनचे घर, कॅलिफोर्नियातली चावडी ह्या साऱ्यांचा वास तिच्यात आहे, आणि तरीही ती कशाचीही बेरीज वाटत नाही. विनायकरामांचे घटम इथे नीट ऐकावे. मडक्याचे तोंड पोटाशी दाबले की आवाज खोल जातो, सोडले की उघडतो; हा माणूस मडक्याला श्वास घ्यावयास लावतो. आमच्याकडच्या घुमटाचेही अंग मडक्याचेच. मात्र त्याच्या एका तोंडावर कातडे ताणलेले असते. पूर्वी ते घोरपडीचे असे, आता कायद्याने ते बंद झाले. घटमाला कातडे नाहीच. नुसत्या भाजलेल्या मातीतून एवढी भाषा निघते, ह्याचे नवल मला दर वेळी वाटते.

तिसरी ध्वनिमुद्रिका 'नॅचरल एलिमेंट्स', १९७७ची. तिच्यावर आठ रचना आहेत आणि हा आकडाच पुष्कळ काही सांगतो. आठ म्हणजे प्रत्येक रचना आटोपशीर. आटोपशीर म्हणजे उपजेला अंगण लहान. काही चाली गोड आहेत, त्यांतली एखादी पाश्चात्त्य नृत्याच्या चालीवरही जाते. पण जिथे चौघे मिळून वाट चुकतील आणि नवी वाट काढतील असा माळ उरलेला नाही. ही कंपनीची भीड की मंडळींची दमणूक, ते मी ठरवीत नाही. पुढच्या वर्षी, १९७८ साली, मंडळ थांबले. मॅक्लॉफ्लिन पुन्हा विजेच्या गिटारीकडे वळला. विनायकराम मद्रासला आपल्या शिष्यांत परतले. झाकीर तर जगभर वाजवू लागले. शंकर परदेशी गवयांच्या ध्वनिमुद्रिकांतून दिसू लागले. तीन वर्षे आणि तीन ध्वनिमुद्रिका. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ रसिकांना हे मंडळ होते हे ते मोडल्यावरच कळले.

एकोणीस वर्षे गेली. १९९७ साली इंग्लंडच्या दौऱ्यासाठी 'रिमेम्बर शक्ती' ह्या नावाने मंडळी पुन्हा जमली, आणि शंकरांच्या जागी पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी आली. ह्या दौऱ्याची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका १९९९ साली निघाली. तीवर 'चंद्रकौंस' अर्ध्या तासाहून अधिक आहे आणि 'मुक्ती' नावाची रचना तासाभराहूनही मोठी आहे. नुसत्या लांबीने काही सिद्ध होत नाही हे खरे. पण बासरीने ह्या मंडळाला जो धीर दिला तो पूर्वी कधी नव्हता. आलापीला प्रथमच जागा मिळाली. वयही वाढलेले: मॅक्लॉफ्लिन ५५चा, झाकीर ४६ वर्षांचे. दोघेही ऐकावयास शिकले होते, आणि थांबावयासही. तरीही एक गोष्ट मला खटकते. बासरी वाजत असता बाकीचे पुन्हा 'साथ' करू लागतात. हरिप्रसादजींचा अधिकारच एवढा की बैठक आपोआप त्यांच्याभोवती गोल होते. मैफल उत्तम होते, पण ती आपल्या ओळखीची मैफल होते.

हे कोडे सोडविले ते मँडोलिनने. आंध्रातल्या पालकोल्लूचा यू. श्रीनिवास पोरवयापासून विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवीत असे. जे वाद्य शास्त्रीय मंचावर कोणी बसू दिले नसते त्याला त्याने तिथे मानाचे पान मिळवून दिले. तो 'शक्ती'त आला आणि त्याबरोबर विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश खंजिरी घेऊन आले. आता गिटार आणि मँडोलिन ही दोन जवळच्या नात्याची वाद्ये समोरासमोर बसली. मॅक्लॉफ्लिन वेगाचा तर श्रीनिवास त्याहून वेगाचा. पण श्रीनिवासच्या वेगात घाई नव्हती. गमक घेताना त्याचा हात जणू थांबलेला असे. ह्या पोराच्या शेजारी बसून मॅक्लॉफ्लिनचे वादन सुधारले असे मी धीटपणे म्हणतो. 'द बिलीव्हर' ही २००० सालची ध्वनिमुद्रिका त्याला साक्ष आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने तिशीतल्या माणसाकडून संथपणा शिकावा, हे उलटे वाटते खरे.

डिसेंबर २०००मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींवरून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' निघाली. तिच्यात पंडित शिवकुमार शर्मांचे संतूर आहे, देवाशिष भट्टाचार्यांची आडवी गिटार आहे, शिवमणींचा तालवाद्यांचा बाजार आहे, आणि शंकर महादेवनचा गळा आहे. चेंबूरचा हा गायक मराठी घरांना परका नाही. श्रीनिवास खळे ह्यांच्याकडे तो शिकला, आणि २०१५च्या 'कट्यार काळजात घुसली' ह्या चित्रपटात पंडितजींच्या भूमिकेत आपण त्याला पाहिलेही. इथे तो त्यागराजांची 'गिरिराजसुधा' गातो, आणि गातो झकासच. पण लग्नाला पाहुणे फार झाले की यजमानांना एकमेकांशी बोलावयास वेळ मिळत नाही, तसे ह्या ध्वनिमुद्रिकेचे झाले आहे. आणि गळा आला की आपले कान कुठे जातात हे सांगावयास नको. मंडळाला मुख्य गायक मिळाला. वाद्ये कितीही मानी असली तरी शब्द आणि गळा ह्यांच्यापुढे ती आपोआप अर्धे पाऊल मागे सरतात.

ह्याच काळात आणखी एक सवय लागली, आणि तिच्याबद्दल मला तक्रार आहे. ती म्हणजे सवाल-जवाब. एकाने बोल टाकावयाचा, दुसऱ्याने तो उचलावयाचा, मग लहान लहान करीत एकेका अक्षरावर यावयाचे, आणि शेवटी सर्वांनी मिळून धडाका. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. दहाव्यांदा ऐकताना टाळ्या कोणत्या क्षणी पडणार हे आधीच कळते. कोकणातल्या डबलबारीच्या भजनांतही हा खेळ असतो. पण तिथे हार-जीत खरी असते आणि बुवा खरोखर अडचणीत येऊ शकतो. इथे कोणी अडचणीत येत नाही. झाकीर हुसेनांच्या तबल्यातून घोड्याच्या टापा आणि मोटारीचा भोंगा निघू लागला की सभागृह खूष होई. लहान मुले तर फारच. ते कौशल्य अफाट होते. पण पहिल्या 'शक्ती'तला तो २४ वर्षांचा तबलजी श्रोत्यांकडे पाहतच नव्हता, तो शेजाऱ्याकडे पाहत होता. कीर्तीने त्याची मान थोडी वळविली, असे म्हटले तर त्यांच्या चाहत्यांनी रागावू नये. मीही त्यांतलाच एक आहे.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी गेला. त्यानंतर मंडळ बराच काळ गप्प राहिले. मग गणेश राजगोपालन ह्यांच्या व्हायोलिनला घेऊन 'शक्ती' ह्या मूळ नावाने मंडळी पुन्हा उभी राहिली, आणि ३० जून २०२३ रोजी 'धिस मोमेंट' ही ध्वनिमुद्रिका निघाली. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळानंतरची ही त्यांची स्टुडिओतली पहिली ध्वनिमुद्रिका. आणि तिची जन्मकथा विलक्षण आहे. साथीच्या रोगाने जग कोंडले गेले होते तेव्हा एकाने आपल्या घरी वाजवून पाठवावयाचे, दुसऱ्याने दुसऱ्या खंडात त्यावर आपले वाजवावयाचे, अशी ती पुष्कळशी घडली. ज्या मंडळाचा सारा जीव शेजाऱ्याकडे पाहण्यात, त्याची ध्वनिमुद्रिका शेजारी नसताना व्हावी! ऐकताना हे कळते का? कळते. चाली सुबक आहेत, मिश्रण निर्मळ आहे. श्रीनिवासच्या स्मृतीची पहिली रचना 'श्रीनीज ड्रीम' तर फारच देखणी. परंतु अर्ध्या मात्रेने पुढे गेलेल्याला सांभाळून घेण्याचा प्रसंग तिच्यात येत नाही. घरी बसून वाजविणारा माणूस चुकला तर पुन्हा वाजवितो.

ह्या ध्वनिमुद्रिकेला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. झाकीर हुसेनांना त्या एका रात्री तीन मिळाली. त्या निमित्ताने आपल्या वर्तमानपत्रांनी 'शक्ती'विषयी जितके रकाने लिहिले तितके त्यापूर्वीच्या सगळ्या वर्षांत मिळून लिहिले नसतील. पारितोषिकाबद्दल आनंदच आहे. मात्र ज्या ध्वनिमुद्रिकेला ते १९७६ साली मिळावयास हवे होते तिला तेव्हा पुरेसे गिऱ्हाईकही मिळाले नव्हते, हे नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन वारले. वय ७३. पहिल्या चौकडीतले आता तिघे उरले. 'शक्ती' पुढे चालू राहील का, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. गवई गेला तर घराणे शिष्यांत उरते. कृती लिहिलेली असेल तर ती दुसरा कोणी वाजवितो. पण ह्या मंडळाने ज्या गोष्टी केल्या त्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट लिहून ठेवण्यासारखी नव्हती. ती दोघा-तिघांच्या एकमेकांकडे पाहण्यात होती. मँडोलिनवाला गेला तेव्हा ती अर्धी गेली. तबलजी गेल्यावर चालीच काय त्या उरल्या, असे मला वाटते. मॅक्लॉफ्लिनने सेल्वगणेशांबरोबर कोन्नक्कोलचे शिक्षण देणारा एक चित्रफितीचा संचही काढला आहे. त्यातून हिशोब शिकता येतो, आणि वसई-विरारमधली गिटार वाजविणारी जी मुले तो बघून 'त क धि मि' घोकतात त्यांना माझे उत्तेजनच आहे. मात्र हिशोब शिकल्यावर त्यांनी एखादा ढोलकीवाला किंवा चर्चच्या वाद्यवृंदातला व्हायोलिनवाला गाठावा आणि त्याच्या समोर बसावे. माळ्यावरच्या खोलीत एकट्याने ध्वनिफितीवर वाजवीत बसू नये.

आता घरातल्या मंडळींसाठी. फराळाच्या दिवसांत अर्धा-अर्धा तास सलग ऐकणे कठीण असते. मध्येच कोणी पाहुणा येतो आणि चिवड्याची बशी मागतो. त्यांनी 'लोटस फीट'पासून सुरुवात करावी. ती रचना आधी १९७५च्या ध्वनिमुद्रिकेवरची, व्हायोलिनची ऐकावी. मग १९९७च्या दौऱ्यातली, बासरीची. दुसरी सुमारे सात मिनिटांची आहे. दोहोंची सुरावट एकच आहे. आजीला दुसरी अधिक आवडेल, नातवाला बहुधा पहिली. त्यानंतर दुपारी सारे निजले म्हणजे 'जॉय' लावावी, आवाज थोडा बेताचा ठेवून, आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरावयाचा प्रयत्न करून पाहावा. तो दोन मिनिटांत सुटतो. मग मुकाट्याने नुसते ऐकावे.